मदत हवी आहे: परसातल्या लाकडाच्या भट्टीचं पाणी गिझरला जोडलंय, धाडधाड आवाज येतोय

पाचगावकर
मागच्या दारी लाकडावरची भट्टी बसवलीय, उद्यमनगरातनं करून आणली. आत पाणी तापवायची गुंडाळी पाइप, म्हणजे कॉइल. तिची लाइन बाथरूमच्या गिझरला दिलीय. पहिली बादली चटका बसेल अशी, पुढची कोमट, आणि नळ बंद केला की पाइपात धाडधाड. प्लंबर "हवा धरलीय" म्हणून गेला, आता फोन उचलंना. रविवारी पाव्हणे यायचेत. सोलर बसवा म्हणू नका.

तांबडा_पांढरा
सोलर बसवा.

गच्चीवरचा
गिझर किती लिटरचा? पाणी टाकीतनं थेट की प्रेशर पंप? पाइप कसली?

पाचगावकर
साधी पाइप. गिझर २५ लिटर. पंप नाही, गच्चीवर टाकी.

गच्चीवरचा
साधी म्हणजे? पांढरी की पिवळसर?

पाचगावकर
पिवळसर. सीपीव्हीसी, गरम पाण्याची प्लास्टिकची. त्याचा काय संबंध?

शेणी_जळण
तांब्याचा बंब घ्या सरळ. आमच्या आज्जीच्या बंबाला कधी प्लंबर लागला नाही. आणि जळण काय घालता? चिपाडं नुसती भडकतात, निखारा धरत नाहीत.

गच्चीवरचा
त्यांनी जळणाचं विचारलंय का?

क्षारग्रस्त
बोअरचं पाणी असणार. कॉइल क्षारानं भरली. आमचा गिझर असाच गेला.

पाचगावकर
नळाचं पाणी आहे हो, भट्टी नवीकोरी आहे.

फिटर_उद्यमनगर
टाकीकडनं भट्टीला येणाऱ्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आहे का? हवा-वाफ बाहेर सोडायला उघडा एअर पाइप काढलाय?

पाचगावकर
एनआरव्ही आहे. गरम पाणी टाकीत उलटं जायचं म्हणून प्लंबरनंच टाकला. एअर पाइप नाही.

फिटर_उद्यमनगर
मग आधी जाळ ओढून काढा, बाकीचं नंतर. गार होईपर्यंत तिकडं पोरंबाळं फिरकू देऊ नका.
नळ बंद असला की कॉइलमधलं पाणी जागच्या जागी उकळतं. वाफ झाली की ती पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा मागते. मागं एनआरव्ही, म्हणजे वाट फक्त गिझरकडं. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो साधारण ८ बार दाबाला. सीपीव्हीसीची मर्यादाच ९३ अंश, ती पाइप तोवर टिकत नाही.
एअर पाइप म्हणून कॉइलच्या वरच्या तोंडातनं जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, पाइप काढा. सलग चढती, मध्ये कुठं बाक नको, तिथंच हवा धरते. गच्चीच्या टाकीतल्या पाण्याच्या वर नेऊन तोंड उघडं सोडा, कॉक बसवायचा नाही.
आणि २५ लिटरच्या गिझरला भट्टी जोडून उपयोग नाही. भट्टीपेक्षा उंचावर १५०-२०० लिटरची इन्सुलेटेड टाकी ठेवा. तिच्या तळातनं गार पाणी कॉइलला, कॉइलच्या वरनं गरम टाकीला. आपोआप फिरतं. बाथरूमला त्या टाकीतनं द्या.

गच्चीवरचा
छोटा सर्क्युलेशन पंप लावला तर टाकी खालीही चालते.

फिटर_उद्यमनगर
आणि लाइट गेली की? जाळाला स्विच नसतो भावा.

गच्चीवरचा
इन्व्हर्टरवर घ्यायचा की. माझा चालतोय.

फिटर_उद्यमनगर
चालतोय तोवर चालतोय.

पाचगावकर
भांडा तुम्ही. नुसता एनआरव्ही काढला तर रविवारपुरतं भागंल का?

फिटर_उद्यमनगर
एनआरव्ही काढून एअर पाइप उभा केल्याशिवाय काडी लावायची नाही. रविवारी भट्टी गारच ठेवा, गिझर विजेवर चालवा. लाइन तीच, पाणी कॉइलमधनं गारच येईल.

शेणी_जळण
आमच्याकडं एक बंब पडून आहे. कल्हई, पॉलिश करून देतो. बघायला कधी येताय?