चिंचोक्याची पूड गुडघ्याच्या सुजेवर: साल ठेवायची की काढायची? (मदत हवी आहे)

बालाघाटकर:
अंबाजोगाईकडं चिंच फोडणं उरकत आलंय, घरी पोतंभर चिंचोके आहेत. आईचं वय ६२. एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज दिसते, संध्याकाळी सूज येते. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे. भाजक्या चिंचोक्याची पूड दुधातून द्या म्हणतात. पण भाजल्यावर साल काढून टाकतात, मग गुण सालीत की आतल्या डाळीत? आणि द्यायची किती?

खलबत्ता:
सूज उतरवणारे म्हणून ज्यांचा अभ्यास झालाय ते घटक, प्रोसायनिडिन आणि एपिकॅटेचिन, मुख्यतः तांबड्या सालीत. डाळीत प्रथिनं आणि झायलोग्लुकन, म्हणजे कापडाची खळ होते ते. व्यापारी चिंचोके घेतो ते या डाळीसाठी. म्हणजे घरोघरी टाकून देतात ती सालच नेमकी कामाची! तरी ती चमचाचमचा खाऊ घालू नका. तुरट टॅनिनमुळं पोट घट्ट होतं, जेवणातलं लोहही अंगी लागत नाही.

गुडघेदुखीच्या ज्या चाचण्यांत रुग्णांना आराम पडला, त्यांत चिंचोका आणि हळद यांचा एकत्र अर्क होता, दिवसाला साधारण २५० मिलिग्रॅम, कारखान्यात प्रमाणित केलेला. घरच्या पुडीचा हिशोब त्यावरून मांडता येत नाही.

करायचीच तर अशी करा. चिंचोके पाण्यात टाका, तरंगतील ते फेका, बाकीचे कडक वाळवा. कढईत वाळू तापवून मंद आचेवर साल तडकेपर्यंत हलवत भाजा. कच्च्या डाळीत प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं बराच निकामी होतो. मात्र काळे पडू देऊ नका. करपले की पूड कडू होते आणि सालीतलंही जळतं. गरम असतानाच कुटून साल सोडवा. डाळ थेट मिक्सरमध्ये टाकलीत तर पातं जाईल, आधी खलबत्त्यात फोडा. मग दळून वस्त्रगाळ करा. साल घालायची तर चिमूटभर. रोज अर्धा चमचा, एकदाच, पेलाभर कोमट दुधात नीट ढवळून. कोरडी फक्की मारू नये, घशात फुगून चिकटते.

गोदाकाठ:
मेटफॉर्मिन आणि पूड यांत दोन तासांचं अंतर ठेवा. डाळीतलं झायलोग्लुकन डिंकासारखं पोटात दाट होतं, गोळी शोषायला वेळ लागू शकतो. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेत असतील तर पुडीआधी डॉक्टरांना विचारा. चिंचेच्या कोळासोबत ही औषधं रक्तात जास्त उतरतात, हे निरोगी माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. आणि गुडघा लालभडक, गरम झाला किंवा ताप आला तर पूडबिड सोडा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक जास्तीचं, कारण तुमच्या भागात सीताफळ भरपूर: त्याच्या बिया या कामाला वापरू नका. त्यांत ॲसिटोजेनिन असतात, पेशींचा ऊर्जापुरवठा बंद पाडणारे. उवांसाठी लावलेली ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते.

बालाघाटकर:
काही चिंचोक्यांना बारीक गोल भोकं आहेत. चाळून घेतले तर चालतील?

खलबत्ता:
नाही. ती भुंगेऱ्याची भोकं. आत विष्ठा आणि बुरशी असते, भाजून सगळं जात नाही. आणि आडतीवरच्या ढिगातले तर आणूच नका, साठवणीत कीडनाशकाची धुरी दिलेली असू शकते. घरच्या झाडाचे, यंदाचे, अखंड तेवढेच घ्या.