गोळ्यांची पिशवी घेऊन जा

"म्हातारपणासाठी वेगळं इस्पितळ कशाला, चांगला एमडी मेडिसिन (सर्वसाधारण आजारांचा तज्ज्ञ डॉक्टर) पुरतो" हे मत मला पटत नाही. एमडी मेडिसिन बऱ्याचदा एकेका आजाराकडे बघतो, पण पंच्याहत्तरीच्या माणसाचे चार आजार आणि त्यांची औषधं एकमेकांत गुंतलेली असतात. चेन्नईच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तो याच गरजेतून. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचं, म्हणजे वार्धक्यशास्त्राचं (वृद्धांच्या आजारांचं) एमडीही सुरू झालं. आता चेन्नईतल्याच गिंडीला २०० खाटांचं सरकारी इस्पितळ फक्त ज्येष्ठांसाठी आहे. ही इमारत आधी २०२० मध्ये कोविडसाठी वापरली गेली, वृद्धांसाठी खुली झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये.

माझ्या आईचं सांगते. ती वर्षात तीनदा पडली, दर वेळी एक्स-रे आणि कॅल्शियम. शेवटी वार्धक्यतज्ज्ञांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. दोन डॉक्टरांनी दिलेली बीपीची एकच गोळी, दोन वेगळ्या नावांनी! मग बीपी आधी झोपवून मोजलं, नंतर उभं करून; उभी राहताच ते धाडकन खाली, म्हणूनच ती पडत होती. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला लावलं, घड्याळ लावून. एक गोळी बंद झाली. गेल्या दिवाळीपासून आई एकदाही पडलेली नाही.