ग्रुपवर कुंदा विकायचा तर?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): घरचा कुंदा (खव्याची मिठाई) कुरिअरनं पुण्याला पाठवायचा आहे. खवय्यांच्या ग्रुपवर दर टाकला की अॅडमिन पोस्ट उडवतो. काय करावं?

खानापूरकर: उडवणारच! आधी नियम वाचा, जाहिरातीला बऱ्याचदा ठराविक वार असतो. एरवी शंकांना उत्तरं द्या: खवा किती परतायचा, रंग न घालता तपकिरी कसा होतो. धंदा आपलाच, हे प्रोफाइलवर उघड लिहा. भावाच्या नावानं स्तुती टाकली की लोक ओळखतातच.

निपाणी: लेबलचा फोटो द्या: १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांक, वजन, घटक, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकतो. आणि कुंदा पूर्ण गार करूनच डबा बंद करा. वाफ कोंडली की वाटेत बुरशी धरते. तक्रार आली तर तिथंच, सगळ्यांसमोर उत्तर द्या.