मदत हवी आहे : जेट स्कीमागे बोर्डवर उभं राहता येत नाहीये

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीचा. गेल्या महिन्यात अलिबागजवळच्या नागावला जेट स्कीमागे (पाण्यावरची स्कूटर) वेकबोर्ड करून पाहिला, म्हणजे पायांना फळी बांधायची आणि दोरी धरून तिच्यामागे ओढलं जात पाण्यावर उभं राहायचं. सहा वेळा प्रयत्न, सहाही वेळा तोंडावर. नाकातोंडात इतकं खारं पाणी गेलं की दोन दिवस चहासुद्धा खारट लागत होता!

होतं असं, की पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसतो, दोरी ताणली जाते आणि तेवढ्यात चालवणारा एकदम थ्रॉटल देतो. बोर्डाचं टोक पाण्यात घुसतं नि मी पुढे भिरकावला जातो. हात सरळ ठेवायचे, दोरी स्वतःकडे ओढायची नाही, हे मला माहीत आहे. पण झटका बसला की हात आपोआप आखडतात. चूक माझी की चालवणाऱ्याची? माझं वजन ८४ किलो, बोर्ड १३४ सेंटीमीटरचा होता. लहान पडला असेल का?

दुसरं म्हणजे, जेट स्की दोन सीटची होती. मागे तोंड करून माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीच नाही, पडलो तर चालवणाऱ्याला कळणार कसं? तीन सीटची जेट स्की आणि सोबत लक्ष ठेवणारा माणूस देणारं कुणी अलिबागच्या बाजूला माहीत आहे का?

ठाणे खाडीत कर, असं कृपया सुचवू नका. तिथे गाळ आहे आणि ते फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. आईला मात्र अजून वाटतंय मी पोहायला गेलो होतो.