मदत हवी आहे: आजोबांची थ्री नॉट थ्री पोलीस परत देत नाहीयेत

साताऱ्याचा_नातू
नमस्कार मंडळी, जरा पटकन मदत करा. आमच्या घरची थ्री नॉट थ्री २०२४ च्या विधानसभेच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केली ती अजून परत दिलेली नाही. चार चकरा झाल्या, दर वेळी वेगळा माणूस खुर्चीत आणि दर वेळी नवा कागद मागतात. पावती आहे, लायसन आहे, सगळं आहे. ही साधी बंदूक नाही, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ६५ च्या लढाईत हीच रायफल त्यांच्या हातात होती. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, यंदा पाटावर नुसता तिचा पट्टा ठेवून हळदकुंकू वाहिलं. कोर्टात जावं का? कोणी वकील ओळखीचा असेल तर सांगा. लवकर.

घाटमाथा
लायसन कुणाच्या नावावर आहे?

साताऱ्याचा_नातू
आजोबांच्याच, अजून कुणाच्या असणार

घाटमाथा
आणि आजोबा?

साताऱ्याचा_नातू
गेले फाल्गुनात. पण लायसन २०२७ पर्यंतचं आहे म्हणजे चालूच आहे ना.

घाटमाथा
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की! लायसन माणसाचं असतं, बंदुकीचं नाही. माणूस गेला की संपलं, वर तारीख कुठलीही असो. आज ती तुमच्या घरी असती तर शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे तुम्हालाच ती ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे जमा करावी लागली असती. म्हणजे ती आहे तिथे बरोबर आहे, ठाणेवाले चुकीचं काही करत नाहीयेत, फक्त नीट सांगत नाहीयेत. तुम्हाला वारस म्हणून स्वतःचं लायसन काढावं लागेल, मग त्या लायसनवर ती रायफल चढेल, मग ठाणं सोडेल. कोर्ट वगैरे डोक्यातून काढा.

दुनळी
आणि हे आजोबा असतानाच करायला हवं होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत २५ वा नियम वाचा. लायसनदार ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावाने मागू शकतो. माझ्या वडिलांनी ७१ व्या वर्षी माझ्या नावावर करून दिली, आम्ही दोघं एकत्र कलेक्टर कचेरीत गेलो, काम झालं. लोक करत नाहीत कारण म्हाताऱ्या माणसाला बंदूक दे म्हणायला लाज वाटते.

साताऱ्याचा_नातू
जे झालं नाही ते सांगून काय उपयोग साहेब

सुभेदार_निवृत्त
बाळ, एक विचारतो, राग मानू नकोस. फौजेत रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रांच्या कोठारात असते. कामापुरती सही करून घ्यायची आणि परत कोतात. पेन्शनला येताना जवान ट्रंक घेऊन येतो, सरकारी रायफल घेऊन नाही. आणि .३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री, हा प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे नळीचं हे माप सिव्हिल माणसाला बंद, त्याचं लायसन कलेक्टर देत नाही, ते दिल्लीहून गृह मंत्रालयातून येतं. तुझ्या लायसनच्या पुस्तकात बोअर काय लिहिलाय ते नीट बघून सांग.

टेक्सासकर
इथे अमेरिकेत या बाबतीत फार सोपं आहे हो. ५० वर्षांपेक्षा जुनी असली की क्युरिओ अँड रेलिक मध्ये, म्हणजे जुन्या संग्रहाच्या वस्तूंत येते, त्याचं कलेक्टर म्हणजे संग्राहकाचं लायसन ३० डॉलर आणि तीन वर्षं. माझ्याकडे एम-१ गॅरंड आहे आणि एक इशापूर २ए१ पण आहे, ७.६२ ची, आपल्याकडूनच सरप्लस म्हणून इकडे आलेली. दस्त्यावर कुणीतरी देवनागरीत काहीतरी कोरलंय पण अर्धं घासून गेलंय. मुलगा आत्तापासून विचारतो बाबा ही मला का ताईला.

घाटमाथा
कलेक्टर लायसन तिकडे पण का, हा हा. पण धागा साताऱ्याचा आहे.

साताऱ्याचा_नातू
पुस्तक काढलं. "एनपीबी रायफल .३१५ बोअर, आर. एफ. आय." असं आहे, एनपीबी म्हणजे नॉन प्रोहिबिटेड बोअर. १९७४ ची नोंद. पण आमच्याकडे सगळे थ्री नॉट थ्रीच म्हणतात, अख्खं गाव म्हणतं.

सुभेदार_निवृत्त
वाटलंच मला. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, बंगालमध्ये. .३१५ ही त्यांची सिव्हिल रायफल, बॉडी आणि बोल्ट ली-एनफील्डचाच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच, फक्त नळी आणि काडतूस वेगळं. फौजेची गोळी बाहेर कुणाला वापरता येऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळापासून सिव्हिलला वेगळा बोअर. लांबून बघितली तर माझ्यासारख्यालाही थ्री नॉट थ्रीच वाटेल. आणि हे तुझ्या फायद्याचं आहे, .३०३ असती तर तुला दिल्लीच्या वाऱ्या होत्या.

साताऱ्याचा_नातू
म्हणजे आजोबा आम्हाला खोटं सांगत होते का

सुभेदार_निवृत्त
असं मी म्हटलं नाही. ६५ ला बऱ्याच पलटणींकडे अजून .३०३ च होती, एसएलआर ही नवी आपोआप भरणारी रायफल नुकती यायला लागली होती. त्यांच्या हातात तीच होती. पेन्शनवर आल्यावर त्यांनी तसाच बोल्ट मागे ओढता येईल अशी शोधून घेतली असणार. मी पण घेणार होतो, पैसे जमले नाहीत.

रानभूल
हे सगळं कशाला, कुर्गात जा, तिथे कोडवा लोकांना लायसनच लागत नाही. कैलपोळ्दच्या सणाला सगळे बंदुकीची पूजा करतात.

दुनळी
लागत नाही असं नाही, त्यांना सूट आहे, आणि त्या सुटीचा दाखला काढावा लागतो. आणि साताऱ्याचा माणूस कोडवा कसा होणार? वाचून तरी लिहा.

रानभूल
माहिती दिली. चिडायचं काय त्यात.

अंजू_कुलकर्णी_नव्हे
नातू, आजोबांना मुलं किती? तुम्ही नातू आहात, मधे तुमचे वडील, काका, आत्या कोण कोण आहेत? सगळ्या वारसांची ना हरकत लागेल. आमच्याकडे एका चुलत्याने सही दिली नाही म्हणून एकनळी नऊ वर्षं डीलरकडे पडून आहे आणि दर वर्षी त्याला भाडं जातंय. आता भाडं बंदुकीच्या वर गेलं.

साताऱ्याचा_नातू
पप्पा आणि एक आत्या. आत्याचं काही नाही, ती देईल सही. मी पप्पांच्या नावावरच करायचं म्हणतोय, मी पुण्यात असतो.

घाटमाथा
पप्पांकडे आधीचं काही हत्यार आहे का?

साताऱ्याचा_नातू
हो, बारा बोअर दुनळी आणि एक पिस्तूल. त्याचा काय संबंध?

घाटमाथा
😐 संबंध हाच की २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच. पूर्वी तीन चालायची. वारसाने आलेली पण त्या दोनातच धरतात, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पप्पांच्या नावावर अर्ज टाकलात तर नाकारणारच. कदाचित टेबलावरचा माणूस हेच सांगत असेल आणि तुम्ही ऐकलं नसेल.

साताऱ्याचा_नातू
एक जण "दोन झाली" असं काहीतरी म्हणाला होता खरं. मला वाटलं चकरा दोन झाल्या म्हणतोय.

अंजू_कुलकर्णी_नव्हे
आत्यांच्या नावावर करा की! बाईच्या नावावर चालतं, कुठेही नाही म्हटलेलं नाही. आत्या त्यांचीच मुलगी आहे.

दुनळी
नाहीतर पप्पांचं पिस्तूल विका.

साताऱ्याचा_नातू
पप्पा पिस्तूल सोडणार नाहीत. आत्या ६४ ची आहे, इचलकरंजीत फ्लॅटमध्ये राहते, तिला विचारलं तर हसत बसली, म्हणाली मी ती डाळीच्या डब्यामागे ठेवू का. मी करतो माझ्या नावावर. वय २६.

घाटमाथा
२१ च्या वर आहात, मग ठीक. पण राहता पुण्यात तर अर्ज साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत नाही, पुणे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत, तुमचा पत्ता त्यांच्या हद्दीत असेल तर. ऑनलाइन भरायचा. मृत्यूचा दाखला, आत्या आणि पप्पांची ना हरकत, जुन्या लायसनची प्रत, ठाण्याची पावती, तुमचं मेडिकल, आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, ते एखाद्या रायफल क्लबातून मिळतं. मग पोलीस चौकशी. वेळ लागतो. आणि साताऱ्याच्या ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन ठेवा की वारस लायसन काढतोय, तोवर हत्यार तसंच ठेवा. पोच घ्या. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

टेक्सासकर
लायसन झालं की मला पाठवा, मी विकत घेतो, गंमत नाही.

दुनळी
पूजेची वस्तू आहे ती. तुमच्या तिकडच्या बाजारासारखं नका करू.

साताऱ्याचा_नातू
अपडेट. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. या वेळी जे हवालदार होते त्यांनी रायफल कपाटातून काढून दाखवली, हातात नाही दिली. बोल्ट वेगळा चिंधीत बांधलेला होता, त्यावरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे. नळीला बाहेरून तांबेरा धरलाय आणि दस्त्याला बुरशीसारखं पांढरं काहीतरी. हे लायसन होईपर्यंत अजून सहा महिने तिथेच राहिलं तर? तेल द्यायला परवानगी मिळते का?

सुभेदार_निवृत्त
विचारून बघ, कधी कधी त्यांच्यासमोर करू देतात. नळीत पुलथ्रूने, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीने, तेलाची चिंधी, बाहेर पातळ हात. दस्त्याला जवसाचं कच्चं तेल, तळहाताने चोळून.

दुनळी
जवस कशाला, सरळ पॉलिश मारा, वर्षानुवर्षं बघायला नको.

सुभेदार_निवृत्त
पॉलिश लावलेल्या दस्त्याला घामाचा हात घसरतो. आजोबांनी कधी लावलं होतं का विचार घरात.

साताऱ्याचा_नातू
आजीला विचारलं. म्हणाली जवसाचं तेल माझ्या चटणीच्या बरणीशेजारीच असायचं, दिवाळीच्या आधी एक वाटी घेऊन ओट्यावर बसायचे.