न्यू जर्सी: मुलगा प्रायव्हेट शाळेत आहे, डिस्ट्रिक्टकडून स्पीच आणि रीडिंगची मदत मिळते का?

रारिटनकाठची
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मुलगा ७ वर्षांचा, सेकंड ग्रेडला. आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो, शाळा बाजूच्या टाऊनमध्ये आहे, छोटी प्रायव्हेट शाळा, वर्गात १४ मुलं, म्हणूनच तिथे घातलं. बोलायला उशिरा लागला, आता बोलतो भरपूर पण काही शब्द अजून स्पष्ट येत नाहीत, आणि वाचन तर अडलंच आहे. रात्री पुस्तक घेऊन बसलो की 'बिकॉज' एकेक अक्षर लावून कसाबसा वाचतो, आणि दोन ओळींनी तोच शब्द आला की परत पहिल्यापासून, जणू कधी बघितलाच नव्हता. मग पानाचा कोपरा नखाने कुरतडत बसतो आणि चित्रं बघून स्वतःच गोष्ट सांगायला लागतो, ती मात्र इतकी छान सांगतो की मला रडू येतं.

शाळा म्हणते आमच्याकडे स्पेशल एज्युकेशनची टीचर नाही. आमच्या टाऊनच्या डिस्ट्रिक्टला (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टला) फोन केला तर मुलगा आमच्याकडे एनरोल नाही म्हणून सांगून ठेवून दिला. प्रॉपर्टी टॅक्स तर आम्हीही भरतोच ना? वर टीचरने सांगितलं की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला. सासूबाई सांगलीहून ६ महिन्यांसाठी आल्यात, त्यांना इंग्लिश येत नाही, मग त्यांनी नातवाशी बोलायचंच नाही का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

पार्कवेचा_बाबा
ताई, आम्ही गेलोय यातून. पहिलं म्हणजे फोन करणं सोडा आणि लेखी द्या. दुसरं, तुम्ही राहता त्या टाऊनला विचारलंत, तिथेच गडबड झाली. आयडिया (IDEA) नावाचा स्पेशल एज्युकेशनचा जो फेडरल कायदा आहे त्यात २००४ च्या बदलापासून असं आहे की आईवडिलांनी स्वतःहून प्रायव्हेट शाळेत घातलेल्या मुलाचं इव्हॅल्युएशन, म्हणजे तपासणी, शाळा ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे त्या डिस्ट्रिक्टने करायचं. म्हणजे तुमच्या केसमध्ये बाजूचं टाऊन. याला चाइल्ड फाइंड म्हणतात आणि ते फुकट असतं, बाहेर हजारो डॉलर घालायच्या आधी हेच करा.

तिथल्या स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरला पत्र लिहा: मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, नेमकं काय अडतंय, आणि चाइल्ड स्टडी टीमकडून (डिस्ट्रिक्टची तपासणी करणारी टीम) इव्हॅल्युएशन हवंय असं स्पष्ट वाक्य. ते 'बिकॉज'चं तुम्ही इथे लिहिलंय ना, तसंच्या तसं त्यात घाला. पत्र पोचल्यापासून २० दिवसांत त्यांना मीटिंग घ्यावी लागते, आणि तुम्ही कन्सेंटवर सही केली की न्यू जर्सीत पुढच्या ९० दिवसांत सगळं मार्गी लागायला हवं.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते सांगतो. मुलगा पात्र ठरला तरी प्रायव्हेट शाळेत राहून पूर्ण आयईपी (मुलाला काय काय मदत द्यायची ते लिहून दिलेला, बंधनकारक प्लॅन) मिळत नाही, मिळाला तर सर्व्हिसेस प्लॅन, म्हणजे मर्यादित मदतीचा प्लॅन मिळतो. फेडरल पैशातला एक वाटाच अशा मुलांसाठी बाजूला ठेवतात, म्हणजे डिस्ट्रिक्टमध्ये पात्र मुलं ४०० आणि त्यातली २० प्रायव्हेट शाळेत असतील तर ५ टक्के. त्यातून काय द्यायचं ते शाळांशी बोलून डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि एकेका मुलाचा त्यावर हक्क नसतो. पण त्या २० मध्ये मोजणी पात्र ठरलेल्यांची होते, सर्व्हिस मिळो ना मिळो, म्हणून इव्हॅल्युएशन करून घेतलेलं एकूण सगळ्याच मुलांच्या फायद्याचं.

आणि आपल्या स्टेटमध्ये याशिवाय १९७७ चे दोन कायदे आहेत, सगळे '१९२-१९३' म्हणतात. १९३ मध्ये इव्हॅल्युएशन, स्पीच आणि सप्लिमेंटरी इन्स्ट्रक्शन येतं, तुम्हाला नेमकं तेच हवंय. शाळेच्या ऑफिसमध्ये ४०७-१ फॉर्म मागा, नंबर सांगूनच मागा. माझ्या मुलीला यातूनच आठवड्याला दोनदा अर्धा तास स्पीच मिळालं, शाळेमागच्या पार्किंगमध्ये एक ट्रेलर होता त्यात. जानेवारीत जॅकेट चढवून जायची आणि येताना मिटनमध्ये स्टिकर लपवून आणायची. (ट्रेलर का, तर १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी पैशातल्या टीचरना धार्मिक शाळांच्या आत शिकवायला मनाई केली होती, १९९७ मध्ये तो निकाल फिरवला, पण ट्रेलर काही ठिकाणी राहिले.)

बोलू_या
मी स्पीच थेरपिस्ट आहे, शाळांमध्येच काम करते. मराठी अजिबात बंद करू नका! दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, म्हणून सासूबाईंना विचारा की मराठीत पण शब्द अडतात का, 'वाटी'ची 'टावी' होते का, गोष्ट सांगताना क्रम चुकतो का. त्यांच्याइतकं नीट हे दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

इव्हॅल्युएशन मुलाच्या भाषेचा विचार करून व्हायला हवं असं कायद्यातच आहे, तेव्हा पत्रात घरची भाषा मराठी आहे हे लिहाच. मी रिपोर्टमध्ये बघितलंय, आपल्या मुलांनी 'थिंक'मधला थ मराठी थ सारखा काढला, व्ही आणि डब्ल्यू एकच केले, 'द' आणि 'अ' गाळले की लगेच दोष म्हणून मोजतात. मराठीत व एकच आहे, आणि ते 'द' 'अ' तर नाहीतच, हा भाषेतला फरक आहे, आजार नाही. पण वाचलेला शब्द दोन ओळींनी परत न ओळखणं याचा मराठीशी संबंध नाही, ते नीट तपासायलाच हवं, थांबू नका.

रारिटनकाठची
तुम्हा दोघांचे किती आभार मानू. दादा, मग पब्लिकमध्येच हलवलेलं बरं का?

क्वीन्सवासी
आम्ही न्यूयॉर्कला, इथे नियम वेगळे, प्रायव्हेट शाळेतल्या मुलांना आयईएसपी (त्यांच्यासाठीचा आयईपीसारखा प्लॅन) मिळतो पण पुढच्या वर्षासाठी १ जूनच्या आत लेखी मागावं लागतं. आम्ही शेवटी पब्लिकमध्ये घातलं. रोजची रीडिंगची मदत आयईपीत लिहून मिळाली, आणि ती नाही दिली तर ड्यू प्रोसेसला, म्हणजे डिस्ट्रिक्टविरुद्ध सुनावणीला जाता येतं. सर्व्हिसेस प्लॅनमध्ये काही दिलं नाही तर फेडरल कायद्याने फक्त स्टेटकडे तक्रार करता येते. पण मुलाला सोबतचे मित्र सोडून जायला फार जड गेलं, दोन महिने सकाळी पोट दुखायचं त्याचं. आधी इव्हॅल्युएशन होऊ द्या, मदत किती लागणार तेच अजून माहीत नाहीये, रिपोर्ट हातात आला की ठरवा.

रारिटनकाठची
पत्र आज दिलं, पोच घेतली, आणि शाळेत ४०७-१ म्हटल्यावर सेक्रेटरीने दुसऱ्या मिनिटाला ड्रॉवरमधून फॉर्म काढून दिला. सासूबाई म्हणाल्या मराठीत पण अडतं, 'कपाट'ला अजून 'पकाट' म्हणतो, आम्ही गोड वाटतं म्हणून हसायचो. मीटिंगला त्यांना नेलं तर चालेल का?

बोलू_या
नक्की न्या, मुलाला ओळखणाऱ्या माणसाला सोबत आणायचा तुम्हाला हक्क आहे. आधी ईमेलने कळवा, आणि त्या मराठीत जे सांगतील ते तुम्ही इंग्लिशमध्ये सांगा, 'पकाट'सारखे शब्द आत्तापासून तारखेसकट वहीत लिहून ठेवा.