शब्दचर्चा : आतड्याचे ‘अस्तर’ आणि जिवाणूंचे ‘चयापचयज’

प्रश्न

कोल्हापुरातील एका दवाखान्यासाठी रुग्णांना वाटायचे माहितीपत्रक मी मराठीत लिहीत आहे. त्यातील ‘जिवाणूंचे चयापचयज आतड्याच्या अस्तरावर परिणाम करतात’ या वाक्याशी माझे घोडे अडले आहे (चयापचयज म्हणजे जिवाणू अन्नावर प्रक्रिया करून तयार करतात ती द्रव्ये). पहिल्या मसुद्यात ‘जिवाणू’ऐवजी ‘जंतू’ होते. ते वाचून बाकावर बसलेल्या एका मावशींनी जंताची गोळी केव्हा घ्यायची असे विचारले, म्हणून तो शब्द बदलला. दुसरा मसुदा एका आजोबांना दिला, तर त्यांनी ‘चयापचयज’ सरळ ‘अपचन’ असे वाचले. ‘अस्तर’ ठेवावे की ‘श्लेष्मल त्वचा’ घ्यावी, आणि ‘चयापचयज’ला सोपा पर्याय कोणता? ‘उपउत्पादन’ सुचले होते, पण त्यातून टाकाऊ मालाचा वास येतो.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र)

ताई, आजोबांची गफलत स्वाभाविक आहे. ‘अपचन’ हा शब्द ‘पच्’ धातूपासून आला, तर ‘चय’ आणि ‘अपचय’ हे ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूपासून; चय म्हणजे साठणे, अपचय म्हणजे घटणे, आणि या दोन्हींतून जे जन्मते ते ‘चयापचयज’. शब्द बिनचूक आहे, पण तो वर्गातला आहे. दवाखान्याच्या बाकावर तो चालणार नाही.

माझी खरी हरकत मात्र ‘परिणाम करतात’ या क्रियापदाला आहे. भाकरी, घेवडा, डाळी यांतील जो चोथा लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशी आपल्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग एकट्या ब्युटिरेटपासून मिळवतात, आणि शेजारशेजारच्या पेशींचे सांधे घट्ट राहायलाही त्याची मदत होते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणू बनवतात ती इंडोलवर्गीय द्रव्येही अशीच उपकारक आहेत. उलट हायड्रोजन सल्फाइड फार झाले, किंवा पित्ताम्लांपासून जिवाणूंनी बनवलेले डीऑक्सिकोलिक आम्ल वाढले, की त्याच पेशींना इजा पोहोचते. एक द्रव्य पोसते, दुसरे पोळते, आणि आपले क्रियापद दोघांनाही एकाच मापाने मोजते.

जाता जाता, ‘ब्युटिरेट’च्या मुळाशी लोणीच आहे. ब्युटिरिक आम्ल लोण्यात सापडले म्हणून लोण्याच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. खवट तुपाचा जो वास येतो, त्यात या आम्लाचा मोठा वाटा असतो. म्हणून ‘नवनीताम्ल’ वगैरे घडवण्याच्या फंदात कृपया पडू नये.

प्रतिसाद (राजारामपुरीतील एक शिवणकाम करणाऱ्या)

अस्तर हा आमच्या रोजच्या हातातला शब्द आहे, म्हणून लिहिते. ब्लाऊजला अस्तर एकदा लावले की ते कापडाबरोबरच विटते आणि फाटते. ते स्वतःहून नवे होत नाही. आतड्यातले तसेच असते का?

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)

वहिनी, नेमके बोट ठेवलेत. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा जो थर असतो, तो एकाच पेशीइतक्या जाडीचा असतो आणि साधारण ३ ते ५ दिवसांत संपूर्ण नवा होतो. पाठ्यपुस्तकात त्याला ‘अभिस्तर’ म्हणतात. कानाला अस्तराच्या जवळचा वाटला तरी तो संस्कृत ‘स्तर’पासून घडवलेला आहे, आणि अस्तर फारसीतून आलेले. ‘श्लेष्मल त्वचे’त मात्र या थराखालच्या ऊतीही येतात, म्हणून तो शब्द येथे सैल पडतो. माझे मत असे की ‘अस्तर’ ठेवावे, कारण जागा ते अचूक दाखवते; पण पहिल्याच उल्लेखात ‘जिवंत’ हे विशेषण लावावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, वहिनी, दोघांचीही आभारी आहे. ‘उपउत्पादना’ची अडचण माझ्यापुरती गुऱ्हाळाने सोडवली. आमच्या करवीर तालुक्यात उसाचा रस काढून उरलेले चिपाड कोणी कचरा मानत नाही. वाळवून तेच चुलवाणात घालतात आणि त्याच्याच आचेवर काहिलीतला रस आटतो. त्यावरून वाक्य असे केले आहे : ‘आपल्याला न पचलेला चोथा जिवाणू आंबवतात, त्यातून तयार होणारी काही द्रव्ये आतड्याच्या जिवंत अस्तराला जळणासारखी उपयोगी पडतात, तर दुसरी काही प्रमाणाबाहेर वाढली की त्या अस्तराला इजा करतात.’ दवाखान्यातील डॉक्टरांना ‘चोथा’ गावंढळ वाटतो आणि त्यांना तेथे ‘तंतुमय पदार्थ’ हवे आहे. आजोबांनी हा मसुदा न अडखळता वाचला, म्हणून निदान त्या एका शब्दासाठी मी भांडणार आहे.